डोंगर झोपू दे, तुम्ही उठा

"आणि तो डोंगर रात्रीच उठला तर?"

कामाच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा घरात "चहा झाला का?" हेसुद्धा ऐकलं नाही. लोक फोनवर विचारत, काउंटरवर विचारत. एक बाई तर तंबू ठोकून, आत शिरून, झिप ओढून झाल्यावर फटीतून फक्त नाक बाहेर काढून विचारत होत्या. मी म्हटलं, "बाई, तो उठला तर या झिपेचा काही उपयोग नाही." त्या रागावल्या. पण राहिल्या.

व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेला एका खेड्यातल्या कॅरव्हॅन पार्कात मी काम केलं. हे काय काम असतं ते माझ्या पुण्याच्या बहिणीला अजून कळलेलं नाही. तिची समजूत अशी की मी इकडे ट्रक उभे करून देते. तर तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी सांगते. मोठ्या हिरवळीवर आखलेले तुकडे असतात. लोक गाडीला चाकांवरचं घर जोडून आणतात, नाहीतर तंबू आणतात, आणि एकेका तुकड्यावर मुक्काम करतात. न्हाणीघरं सामाईक, स्वयंपाकघर सामाईक, आणि भांडणंही सामाईक. ऑफिसात बसून मी चाव्या द्यायची, जागा दाखवायची, तुंबलेलं गटार कुणामुळे तुंबलं ते न विचारता मोकळं करायची. आमच्या पार्कचं वेगळेपण एवढंच, की मागच्या कुंपणापलीकडे ज्वालामुखी होता. नाव ऐकून दचकू नका. पर्वतीपुढेसुद्धा तो बसकाच वाटेल. माथ्यावर विवर, विवरात तळं, उतारावर गवत, गवतात मेंढ्या.

या नोकरीवर आलेली मुलगी मला अजून दिसते. ती मुलगी म्हणजे मीच, पण तिला 'मी' म्हणायची मला लाज वाटते. पुण्याची भूशास्त्राची पदवी, पाचवारी साडी, साडीखाली नवऱ्याचे गमबूट. नवरा गावच्या दूध कारखान्यात लागला म्हणून ही इथे आली, आणि पार्काच्या मालकाने, ग्लेनने, हिला कामावर ठेवलं ते आपल्या शास्त्रीय ज्ञानापोटी, असा हिचा पक्का समज. खरं म्हणजे गावात शनिवार-रविवारी काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

पहिल्याच दिवशी एका कुटुंबप्रमुखाने विचारलं, "इज इट सेफ?" बाईंनी घसा साफ केला आणि निद्रिस्त ज्वालामुखी व मृत ज्वालामुखी यांतला फरक समजावून द्यायला घेतला. निद्रिस्त म्हणजे मेलेला नव्हे, यावर विशेष भर दिला. ते कुटुंब निघून गेलं. रांगेतली मागची दोन कुटुंबंही गेली. ग्लेन डोकं खाजवत म्हणाला, "सू, मेट, पुढच्या वेळी नुसतं 'येस' म्हण." मेट म्हणजे इकडे दोस्त. सुलोचनाची 'सू' त्या दिवशी झाली, ती आजतागायत.

आणि ही शास्त्रज्ञ बाई स्वतः काय करत होती? सुरुवातीचे कित्येक महिने दाराशी पिशवी भरून झोपत होती. पिशवीत पासपोर्ट, मंगळसूत्र आणि लोणच्याची बरणी. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर सुरू झाला की नवऱ्याला हलवायची, "अहो, जमीन थरथरतेय." नवरा म्हणायचा, "थरथरू दे. उद्या माझी पहिली पाळी आहे."

पुढे भीड चेपली आणि उत्तरही पाठ झालं. ते असं. आमच्या डोंगराजवळ रात्र काढायला हरकत नाही. तो शेवटचा पेटला त्याला काही हजार वर्षं झाली. उठायचं मनात आलंच तर आधी जमीन कुरकुरेल, लहान लहान हादरे बसतील, ते यंत्रांवर उमटतील, आणि मग तुम्हाला इकडे कुणी फिरकूच देणार नाही. सगळेच डोंगर इतके सभ्य नसतात. जिथे जमिनीतून वाफ किंवा वास येतो, तिथे खोलगटात अजिबात झोपायचं नाही, कारण जड वायू पाण्यासारखा खाली साचतो. तिथल्या पाट्या वाचायच्या आणि पाळायच्या. आमच्याकडे तसं काही नाही. आमच्याकडे भ्यायचं ते झाडाला, वाऱ्याला, सापाला आणि माणसाच्या कल्पकतेला.

झाडाचं एक सांगते. सिडनीच्या कॅसल हिलहून जाधव नावाचे आयटीतले गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर जमिनीत खुपसून ते तासातासाला तापमान बघत. विवरापासून सगळ्यात लांबची जागा त्यांनी निवडली, आणि ती नेमकी जुन्या रेड गमच्या, म्हणजे इकडच्या निलगिरीच्या, झाडाखाली होती. मी म्हटलं, "इथे नको. हे झाड वारा नसतानासुद्धा फांदी टाकतं."

"मावशी, झाड आहे हो ते. मी ज्वालामुखीचं बोलतोय."

दुसऱ्या दिवशी आरवोला, म्हणजे इकडच्या भाषेत दुपारनंतर, सगळे तळ्यावर गेले असताना बैलाच्या पोटाएवढी जाड फांदी त्यांच्या तंबूवर आली. तंबूची पोळी झाली. जाधव तळ्यावरून परतले. हातात थर्मामीटर. "मावशी," ते म्हणाले, "आधी काही आवाजसुद्धा झाला नाही."

हा किस्सा मी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला. ऐकवताना मला वाटायचं, आता आपल्याला सगळे धोके कळले.

मग करोना आला. तोवर नवरा गेला होता आणि मी निवृत्त होऊन पार्काच्या फाटकाशेजारीच राहत होते. मेलबर्न शहर महिनोन् महिने बंद. शहरातल्या लोकांना आमच्या खेड्यांत यायला मनाई, रस्त्यांवर पोलीस. पार्कात गवत कमरेएवढं वाढलं. माझी मुलगी सिडनीला क्वेकर्स हिलमध्ये, आणि मधली राज्याची सीमा बंद. रोज व्हिडिओवर दम द्यायची, "आई, दीड मीटर. कळलं? कुणी कितीही गोड बोललं तरी दीड मीटर." कित्येक महिन्यांत मी कुणाच्या हाताला हात लावला नव्हता.

शहराची नाकाबंदी उठली ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर. ग्लेनने हाताखालची माणसं कमी केली होती, म्हणून मला हाक मारली, आणि मी प्लास्टिकच्या पडद्यामागे पुन्हा काउंटरवर उभी राहिले.

त्या आठवड्यात मेलबर्नच्या क्रेगीबर्नहून तिघं आली. रोहन, त्याची बायको स्नेहल आणि त्यांची मुलगी ईरा, दुसरी-तिसरीतली. मास्कवरूनही मराठी माणूस ओळखू येतो. गाडीतून आधी फराळाचे डबे उतरले, मग तंबू.

रोहन काउंटरशी आला. स्नेहल मात्र पार दाराबाहेर उभी.

"ये गं आत, पाऊस येईल," मी म्हटलं.

"नको आजी, इथेच बरी आहे. मी एज्ड केअरमध्ये, वृद्धाश्रमात, काम करते." मग जरा थांबून म्हणाली, "आमच्याकडची पुष्कळ गेली. रोज ज्यांना भरवायचे, ती. माझी टेस्ट निगेटिव्ह आहे, पण म्हाताऱ्या माणसाजवळ उभं राहायचं म्हटलं की माझे हात गार पडतात."

म्हातारी कुणाला म्हणतेस, असं विचारणार होते, पण तिचे डोळे बघून तंबूची जागा तेवढी दाखवली.

ईराने नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, इज द वॉल्केनो डेड?"

"नाही. झोपलाय."

"लाइक बाबा आफ्टर नाइट शिफ्ट?"

"अगदी तस्सा."

"देन वी आर सेफ," ती म्हणाली. "ही नेव्हर वेक्स अप."

ईराला किल्ला करायचा होता. दिवाळीत किल्ला करतात हे तिला पुण्याच्या आजोबांनी व्हिडिओवर शिकवलं होतं. पण डोंगर बघितल्यावर तिने ठरवलं, आपला किल्ला ज्वालामुखीवर असणार आणि तो धूर सोडणार. बाप कौतुकाचा. आमच्याकडे सगळीकडे लाल, हलके, भोकाभोकांचे दगड पडलेले असतात, ज्वालामुखीनेच कधीकाळी उडवलेले. ते रचून त्यांनी सुरेख डोंगर केला. मावळे मिळाले नव्हते, म्हणून लेगोची माणसं उभी केली आणि प्रत्येकाच्या तोंडाला टिश्यूचा मास्क बांधला. डोंगराच्या पोटात बार्बेक्यूचे पेटते कोळसे ठेवायचे ठरले.

तिथे माझी सुरक्षाबुद्धी जागी झाली. "गवतावर नको हं निखारे," मी म्हटलं आणि गॅरेजमधला पत्र्याचा मोठा ट्रे आणून दिला. "यात करा सगळं. म्हणजे जमीन भाजणार नाही."

संध्याकाळी किल्ल्याने मस्त धूर सोडला. ग्लेनसुद्धा बघून गेला. स्नेहल लांबून म्हणाली, "आजी, उद्या नरकचतुर्दशी. सूर्य उगवायच्या आत आमच्या आंघोळी उरकतील. मग फराळाला या. तुमची खुर्ची लांब ठेवते." पाळीपाळीने न्हाणीघर वापरायचा नियम होता, म्हणून मी पहाटेची पहिली वेळ त्यांना दिली. मग पावसाची सर आली आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

पहाटे मी उठले, उटणं लावून आंघोळ केली, दिवा लावला. चकल्यांचा डबा घेऊन, नवी साडी नेसून दारात बसले. उजाडलं. विवराच्या कडेवर ऊन आलं. तंबूकडून कुणी आलं नाही. मी न्हाणीघरात डोकावले. फरशी कोरडी.

ग्लेन कचऱ्याचे डबे ओढत होता. म्हणाला, "झोपू दे त्यांना, सू. सुट्टीवर आलेत."

आता ग्लेनला काय सांगणार? वर्षाचे बाकी सगळे दिवस मराठी माणूस सुट्टीत उशिरापर्यंत झोपेल. पण आदल्या संध्याकाळी उटण्याची वाटी तयार ठेवलेली आई नरकचतुर्दशीला सूर्य वर आल्यावर अंथरुणात? शक्यच नाही. मी डबा ठेवला आणि चालू लागले.

तंबूच्या सगळ्या झिपा बंद होत्या. हवा यायच्या खिडक्याही. आतून काही हालचाल नाही.

"स्नेहल! अगं, उजाडलं! नरकात जायचंय का सगळ्यांनी?"

उत्तर आलं ते इतकं बारीक, की आधी मला ते पाखराचं वाटलं. "आजी... जवळ येऊ नका."

"काय झालं गं?"

"आम्हाला झालाय... बहुतेक. डोकं फुटतंय. ईराला उलटी झाली. तुम्ही मागे व्हा, आजी. प्लीज. मागे व्हा."

आणि मी मागे सरले. एवढ्या महिन्यांची शिकवण अंगात भिनली होती, पाय आपोआपच मागे गेले. तोंडावर पदर धरला. करोना. आमच्या पार्कात. माझ्या डोक्यात मुलीचा आवाज, 'दीड मीटर, आई.' ग्लेनला सांगायचं, फोन करायचा, कुणालाही तंबूजवळ जाऊ द्यायचं नाही. मी वळलेसुद्धा.

वळताना पायाखालच्या गवताकडे नजर गेली. रात्रीच्या पावसाने सगळं गवत ओलं होतं. तंबूसमोर मात्र एक चौकोन पिवळा, चेपलेला. ट्रेच्या आकाराचा. ट्रे तिथे नव्हता.

किल्ला आत होता.

एकाच रात्रीत तिघांना एकदम करोना? संध्याकाळी चिवड्यात लिंबू कमी आहे म्हणून भांडणारी तिघं? "स्नेहल, रोहन काय म्हणतोय?" मी ओरडले.

"झोपलाय. उठत नाहीये."

मी झिप ओढली. ती अडकली. वेड्यावाकड्या गुंतलेल्या दोऱ्या कापायला पार्कवाल्यांच्या चाव्यांच्या जुडग्यात एक आकडी सुरी असते. ती मी वर टेकवली आणि नव्याकोऱ्या तंबूची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. मग शेजारची. "ग्लेन!" मी असं काही किंचाळले की उतारावरच्या मेंढ्या पळाल्या.

आतून ऊबदार, ओलसर हवा अंगावर आली. वास नाही. धूर नाही. पुढच्या खोलीत ट्रेमध्ये किल्ला, लेगोची माणसं मास्क लावून उभी. स्नेहल हातांवर रांगत आली आणि मला बघून मागे जायला लागली. मागे! "आजी, शिवू नका ना." मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. ग्लेन धावत आला, त्याने ईराला उचलून गवतावर ठेवलं, मग रोहनला पायांना धरून बाहेर खेचलं. रोहनचं डोकं गवतावरून घसटत आलं, तरी त्याने डोळे उघडले नाहीत. मी त्याच्या उशाशी बसून त्याच्या गालावर चापट्या मारत होते, "ऊठ रे बाबा, ऊठ." ईरा माझ्या मांडीवर, भिजलेल्या मांजरासारखी. महिनोन् महिन्यांनी माझ्या अंगाला माणूस लागलं ते असं.

अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं नखशिखांत प्लास्टिकमध्ये आली. स्नेहल त्यांना सांगत होती, "कोविड, कोविड." मी ओरडत होते, "नो कोविड! किल्ला!" त्यांना वाटलं, म्हातारीला धक्का बसलाय. बसलाच होता. मग मी आतल्या ट्रेकडे बोट दाखवून म्हटलं, "टॉय फोर्ट. कोल इनसाइड." त्यातल्या तरुण मुलीचा चेहरा काचेमागे बदलला, आणि तिने तिघांच्या तोंडावर ऑक्सिजनचे मास्क लावले.

तिघंही वाचली. रोहनला सगळ्यात जास्त दिवस ठेवून घेतलं. परत आल्यावर तो माझ्या पायरीवर बसला, आता अगदी जवळ.

"आजी, मी मूर्ख नाहीये हो. पाऊस आला, किल्ला भिजला तर ईरा रडेल म्हणून आत घ्यायचा होता. पण लगेच नाही घेतला. तुमच्या ट्रेवर छत्री धरून उभा राहिलो. धूर पूर्ण थांबला, तेव्हाच आत घेतला. म्हटलं, आता काय, नुसते निखारे. ऊबही येईल."

धूर थांबला, तेव्हाच आत घेतला. पुढे मी हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल. कोळशाचा जो वायू मारतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, हातपाय गळतात, आणि माणसाला वाटतं ताप येतोय, अजून जरा पडावं. त्या वर्षी तर सगळ्या जगाला एकच दुखणं ठाऊक होतं. स्नेहल पहाटे जागी झाली होती. दार तिच्यापासून हातभर लांब होतं. ते तिने उघडलं नाही, उलट उरलेल्या खिडक्या लावून घेतल्या, आपल्यामुळे बाहेरच्या म्हातारीला काही होऊ नये म्हणून.

याचा विचार आला की अजून माझ्या हातातलं काम थांबतं.

त्याच सकाळी, अ‍ॅम्ब्युलन्स गेल्यावर, तंबू मी आणि ग्लेनने उतरवला होता. किल्ला मोडताना मी एक दगड उचलला. पोटातली राख पांढरी, मऊ, भस्मासारखी. दगड अजून कोमट होता. मागचा डोंगर बर्फासारखा गार, आणि हा, माझ्या ट्रेमधला, अजून ऊन. भूशास्त्राच्या त्या हुशार मुलीला मी मनातल्या मनात म्हटलं, घे बाई, हा तुझा जागृत ज्वालामुखी.

त्यानंतर जेवढे दिवस मी काउंटरवर होते, तेवढे दिवस माझी पद्धत बदललेली होती. तंबूत कोळसा, शेगडी, गॅस, काही म्हणजे काही न्यायचं नाही, विझलेलं दिसलं तरी नाही, हे तर सांगायचीच. पण लोक "डोंगर कधी उठेल?" विचारायला लागले की मी उलटं विचारायची, "ते राहू दे. तुम्ही सकाळी किती वाजता उठता?" लोक गोंधळायचे. काहीतरी वेळ सांगायचे. ती टळून गेली की मी स्टीलचं ताट आणि पळी घेऊन त्यांच्या तंबूबाहेर हजर. इंटरनेटवर आमच्या पार्काबद्दल कुणीतरी लिहिलंय, जागा सुंदर, तळं सुंदर, पण एक भारतीय म्हातारी सुट्टीच्या दिवशी ताट बडवून उठवते, तिचा बंदोबस्त करा. ग्लेनने ते छापून ऑफिसात लावलं.

दर नरकचतुर्दशीला पहाटे, माझी आंघोळ होते न होते तोच फोन वाजतो. क्रेगीबर्नहून असतो. ईरा आता उंच झालीय, एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देते. त्या दिवशी मात्र हॅलो नाही, हॅपी दिवाली नाही. मागे बादलीत पाणी पडत असतं, रोहन कुठलातरी टॉवेल शोधत आरडाओरडा करत असतो, आणि ती एवढंच म्हणते,

"आजी, उठलो. तिघंही."